मनाला पटवून घेतलं, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

मंडळी, नमस्कार.

‘मी मनाला पटवून घेतलं’ एवढं म्हटलं की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र आधी ठरवावं लागतं: पटलं का, कशामुळे पटलं, आणि ते खरं निघालं का.

बोलीभाषेतला सर्वांत सोयीचा प्रयोग म्हणजे ‘टॉक मायसेल्फ इन्टू’. यापुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’वालं: ‘आय टॉक्ड मायसेल्फ इन्टू बिलीव्हिंग इट.’ ‘टॉक्ड मायसेल्फ टू बिलीव्ह’ चुकीचं. आपली नेहमीची दुसरी चूक म्हणजे ‘आय कन्व्हिन्स्ड माय माइंड’. मराठीतलं ‘मनाला’ तिथे उगाच घुसतं. इंग्रजीत मन काढायचं आणि ‘मायसेल्फ’ ठेवायचं. ‘मेक-बिलीव्ह’पासूनही जपून राहा, ते भातुकलीतलं खोटं-खोटं.

आता खरी मेख. ‘आय कीप टेलिंग मायसेल्फ द जॉब इज सेफ’ म्हणणाऱ्याला ते अजून पटलेलं नाही, तो स्वतःला धीर देतोय. ‘आय हॅड कन्व्हिन्स्ड मायसेल्फ द जॉब वॉज सेफ’ म्हणणाऱ्याला तेव्हा पुरतं पटलं होतं, आणि त्या ‘हॅड’वरून ऐकणारा बहुतेक वेळा ताडतो की पुढे काहीतरी बिनसलं. आपलं ‘मनाची समजूत घालणं’ पहिल्याच्या जवळचं. नुकसान होऊन गेल्यावर घातलेली समजूत असेल तर ‘कन्सोल’ बरं. तिथे ‘कन्व्हिन्स’ शोभत नाही.

कृती आधी आणि कारण मागाहून, असा क्रम असेल तर शब्द ‘रॅशनलाइझ’. मानसशास्त्रातला हा अर्थ मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स यांनी १९०८च्या निबंधात मांडला. महागडी गाडी घेऊन झाल्यावर तिच्या सुरक्षिततेचे गोडवे गायचे, हे रॅशनलाइझ करणं. पण कंपनीच्या पत्रात, विशेषतः ब्रिटनमध्ये, ‘रॅशनलायझेशन’ दिसलं तर तो नोकरकपातीचा सोज्वळ शब्द असू शकतो.

निष्कर्ष आधी ठरवून पुरावे त्याच्या सोयीने चाळले, तर ‘मोटिव्हेटेड रीझनिंग’. मानसशास्त्रज्ञ झिवा कुंडा यांचा १९९०चा लेख या विषयातला पायाभूत मानतात. मात्र ही संज्ञा लेखात ठीक. जेवणाच्या टेबलावर जड होते.

‘कॉग्निटिव्ह डिसोनन्स’ हल्ली कुठेही ठोकून देतात. ते पटवून घेण्याचं नाव नव्हे. आपलं वागणं आणि आपलं मत जुळत नाही तेव्हा जी अस्वस्थता होते, तिचं ते नाव. पटवून घेणं हा त्या अस्वस्थतेवरचा एक उतारा. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि जेम्स कार्लस्मिथ यांचा १९५९मध्ये छापून आलेला प्रयोग इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं: अर्धा तास रिळं तबकात भरा आणि रिकामी करा, मग अर्धा तास ४८ चौकोनी खुंट्या पाव-पाव वळणाने फिरवा. नंतर पुढच्या व्यक्तीला ‘काम मजेदार आहे’ असं सांगायला काहींना १ डॉलर दिला, काहींना २०. काम आवडल्याचं १ डॉलरवाल्यांनी अधिक सांगितलं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलण्याचं कारण खिशात होतं; १ डॉलरवाल्यांना ते मनात तयार करावं लागलं, असा फेस्टिंगर यांचा अर्थ.

ठरवून, घोकून पटवणं असेल तर ‘ऑटोसजेशन’. फ्रान्सचे औषधविक्रेते एमील कुए ‘रोज, सर्व बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत आहे’ अशा अर्थाचं वाक्य सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना २० वेळा म्हणायला लावत. मोजायला २० गाठींची दोरी. या शब्दात खोटेपणाचा आरोप नाही. ‘सेल्फ-डिसेप्शन’मध्ये, म्हणजे आत्मवंचनेत, तो आहेच.

समोरच्याविषयी बोलताना आणखी जपावं लागतं. ‘यू आर किडिंग युअरसेल्फ’ मित्र ऐकून घेईल, ‘यू आर डिल्यूडिंग युअरसेल्फ’ला तो दुखावेल. साहेबांना दोन्ही नकोत. बैठकीत ‘आय वंडर इफ वी हॅव टॉक्ड अवरसेल्व्ह्ज इन्टू धिस’ म्हणा. त्या ‘वी’मुळे बोट कुणा एकावर रोखलं जात नाही, आणि विषय पुन्हा उघडता येतो.