वाढत्या वयाचा पाय

बोस्नियात जंगलाच्या कडेला अजूनही लाल पाट्या दिसतात. कवटीचं चित्र आणि खाली इशारा: पुढे सुरुंग आहेत.

१९९२ ते १९९५. साडेतीन वर्षांच्या युद्धात जिथे जिथे सैन्यं एकमेकांसमोर ठाकली, तिथे तिथे जमिनीत सुरुंग पेरले गेले. नकाशे अर्धेमुर्धे राहिले. युद्ध थांबल्यानंतरही सुरुंगांनी इथे ६००हून अधिक माणसं मारली. त्यात २०१४चा पूर आला, दरडी कोसळल्या आणि काही सुरुंग जागा सोडून भलतीकडेच गेले.

सुरुंग शोधायचं धातूशोधक यंत्र खिळ्यालाही वाजतं, रिकाम्या काडतुसालाही. शिकवलेला कुत्रा मात्र स्फोटकाचाच वास हुंगतो. असा कुत्रा तयार करणं खर्चाचं काम. त्या खर्चाला हातभार लावला तो अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी. मार्शल लेगसी इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेच्या 'चॅम्प्स' उपक्रमात ही मुलं पैसे जमवतात: कुत्र्यांसाठी, आणि सुरुंगात जखमी झालेल्यांच्या उपचारांसाठीही.

आता हा उपचार म्हणजे काय, ते जरा थांबून पाहू.

मोठ्या माणसाला बसवलेला कृत्रिम पाय काही वर्षं चालतो. लहान मुलाचं तसं नाही. मूल वाढतं, तो पाय वाढत नाही. मांडीचा उरलेला भाग ज्या खोबणीत बसतो ती घट्ट होते, कातडी सोलवटते. कधी आतलं हाड वाढून कातडीला टोचू लागतं, मग पुन्हा शस्त्रक्रिया. शाळा संपेपर्यंत पाय किती वेळा बदलावा लागेल, याचा हिशोब आईबापांनी न केलेलाच बरा.

म्हणून एकदा धनादेश दिला, फोटो काढला, एवढ्यावर हे भागत नाही. ओळख टिकली तरच पुढच्या पायाची आठवण राहते. 'चॅम्प्स'मध्ये दोन्ही देशांतली मुलं व्हिडिओवर एकमेकांशी बोलतात, ते यासाठी महत्त्वाचं. खरं सांगायचं तर, नुसत्या मदतीत देणारा नकळत वर बसतो. गप्पांमध्ये तसं बसता येत नाही.

आणि बोस्नियाच्या मुलांकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. बसून खेळायचा व्हॉलीबॉल घ्या. जाळी जेमतेम १.१५ मीटर उंच, चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. बोस्नियाच्या संघात युद्धात जायबंदी झालेले कितीतरी खेळाडू. काहींचे पाय सुरुंगानेच नेलेले. या संघाने २००४मध्ये अथेन्सला पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकलं. २०१२मध्ये लंडनला पुन्हा जिंकलं, अंतिम सामन्यात इराणला हरवून.