हुंकार चुकतो तेव्हा

फोन आत ठेवा, असं मी सांगणार नाही. राहू द्या हातात. 'मोबाईलमुळे विद्यार्थ्यांचं समोरासमोरचं बोलणं कमी झालंय, त्यावर बोला,' असं मला आयोजकांनी सांगितलं होतं. मला ते तितकंसं पटत नाही. बोलायला तुम्ही भरपूर बोलता; मागच्या बाकांवर तर माझ्याहून जास्त. अर्धवट झालंय ते ऐकणं. आणि त्याचा फटका ऐकणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याला बसतो, एवढंच मला आज मांडायचंय.

गोष्ट सांगताना समोरून हुंकार आला नाही, की आपण थांबतो. 'ऐकतोयस ना?' विचारतो. हा हुंकार किती कामाचा असतो, ते कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जेनेट बॅव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार मजेशीर पद्धतीने तपासलं. 2000 साली त्यांचा शोधनिबंध आला. एकाने समोरच्याला स्वतःवर आलेला एखादा बाका प्रसंग सांगायचा, थोडक्यात निभावलं असा. ऐकणाऱ्यांपैकी काहींना मात्र वेगळंच काम दिलेलं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात इंग्रजी 'टी' अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. म्हणजे बघा, ही मंडळी शब्द न् शब्द कान देऊन ऐकत होती. फक्त गोष्ट ऐकत नव्हती. त्यामुळे 'बाप रे' म्हणायच्या जागी चेहरा कोराच.

गंमत पुढे आहे. सांगणाऱ्यांच्या गोष्टीच बिघडल्या! विशेषतः शेवट. जिथे गोष्ट रंगायची, तिथेच ते अडखळले, तेच तेच पुन्हा सांगू लागले, हा प्रसंग खरंच कसा बाका होता याचे खुलासे देत बसले. प्रसंग त्यांचा, अनुभव त्यांचा, आणि सांगता येईना त्यांनाच. त्या प्रयोगात मोबाईलचा काही संबंध नव्हता. आज 'टी' मोजायचं काम फोन आपल्याला फुकट देतो, इतकंच.

आता हॉस्टेलच्या खोलीतलं एक टेबल डोळ्यांसमोर आणा. फोन पालथा ठेवलाय, म्हणजे सभ्यपणाच झाला म्हणायचा. मैत्रीण सांगतेय, 'आणि मग बाबांनी…' फोन गुरगुरतो. ऐकणारी त्याला हातही लावत नाही. नुसती नजर जाते आणि परत येते. पण सांगणारीने ती पाहिलेली असते. 'बाबांनी काय, केलं सगळं मॅनेज,' असं म्हणून ती वाक्य गुंडाळते आणि असाइनमेंटचा विषय काढते. दोघींनाही वाटतं, गप्पा छान झाल्या.

नुसता टेबलावर फोन असला तरी जवळीक कमी होते, असं 2012 मध्ये ब्रिटनमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी मांडलं. जोड्या दहा मिनिटं बोलल्या. काहींच्या जवळ फोन ठेवलेला, काहींच्या जवळ वही. ते फार गाजलं. पुढे इतरांनी तसे प्रयोग केले तेव्हा दर वेळी तोच निकाल आला नाही, हे मात्र गाजलं नाही. म्हणून मी त्या वस्तूवर खापर फोडत नाही. माझा रोख त्या नजरेवर आहे.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या प्राध्यापक शेरी टर्कल यांना विद्यार्थ्यांनी आपला एक नियम सांगितला होता. पाचसहा जण जेवायला बसले, की निदान तिघांच्या माना वर आहेत ना हे पाहायचं, मग आपण खाली बघायचं. पाळीपाळीने पहारा! नियम बिनतोड आहे, पण अशा पंगतीत कोणता विषय निघणार? कुणीही मध्येच उठून जावं आणि परत यावं असाच. कुणाचा ब्रेकअप, कुणाला आलेली नापास होण्याची भीती, असलं काही तिथे निघत नाही.

याचा अर्थ टाइप केलेलं बोलणं हलकं, असा कृपया काढू नका. अडखळत बोलणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने पहिला बिनचूक प्रश्न मला मेसेजवरच विचारला. मात्र दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरातून सुचतो, आणि त्यासाठी तो स्वतःच दारात येऊन उभा राहिला.

आता माझी कबुली, कारण हे सगळं फक्त तुमच्या पिढीच्या माथी मारणं बरं नाही. एक मुलगा प्रोजेक्टबद्दल बोलायला आला होता. माझ्यासमोर लॅपटॉप उघडा. मी 'हं, हं' करत मेल चाळत होतो. हुंकार होता, पण चुकीच्या जागी. 'सर, मला वाटतं मी हा कोर्सच…' असं तो म्हणाला आणि मी म्हणालो, 'छान, करून टाक.' तो गप्प झाला. मग म्हणाला, 'बाकी काही नाही, सर.'

चूक लक्षात आली तोवर तो जिन्यापर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, लॅपटॉप मिटला. पहिली काही मिनिटं तो संदर्भसूचीबद्दलच बोलत राहिला. मी वाट पाहत बसलो.