जस्ताची गाठ

(दृश्य : पुणे, पाषाण. प्रयोगशाळेतलं टेबल, पांढऱ्या कागदापुढे क्युव्हेट, म्हणजे छोटी पारदर्शक नळी.)

क्युव्हेटमध्ये झिंक-फिंगर पेप्टाइड आहे : जस्ताच्या अणूभोवती घडी पडून बोटासारखा होणारा प्रथिनाचा तुकडा. त्यातलं जस्त काढून घेतलंय. नायट्रोजनखाली ठेवलंय, कारण मोकळी सिस्टीनं (जस्त धरणारी अमिनो आम्लं) हवेत एकमेकांना चिकटून बसतात. आता कोबाल्टचा फिकट गुलाबी थेंब. द्रावण निळसर हिरवं झालं! वरून जस्त घातलं की रंग उडतो. जस्ताची पकड कोबाल्टपेक्षा कितीतरी घट्ट, आणि जस्ताला स्वतःचा रंग नाही.

क्युव्हेट नळाखाली विसळलं असतं, तर हा रंग कदाचित दिसलाच नसता. जुन्या इमारतींतल्या जी.आय. पाइपांना जस्ताचाच मुलामा असतो. भांडी आम्लाने धुवायची, मग शुद्ध पाण्याने.

(दृश्य : पडद्यावर अमिनो आम्लांची साखळी.)

1985 साली आफ्रिकी बेडकाच्या टीएफ-थ्री-ए या प्रथिनात ही घडी ओळखली गेली; एका रांगेत 9 बोटं. प्रत्येक बोट साधारण 30 अमिनो आम्लांचं. 2 सिस्टीन आणि 2 हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरतात. ही चार आणि आतली काही जलविरोधी आम्लं सहसा बदलत नाहीत. बदलतात ती हेलिक्सवरची (बोटातल्या मळसूत्री भागावरची) -1, 2, 3 आणि 6 या जागांवरची, डीएनए वाचणारी. एक बोट ढोबळमानाने 3 बेस-जोड्या, म्हणजे डीएनएची 3 अक्षरं, वाचतं.

म्हणून प्रथिनांच्या डेटाबेसने ‘झिंक फिंगर’ म्हटलं, की घडी कळते, काम नाही. टीएफ-थ्री-ए डीएनएला बांधतं आणि 5एस आरएनएलाही (रायबोसोमचा एक घटक). काही बोटं तर दुसऱ्या प्रथिनालाच धरतात.

(दृश्य : शेकरवर फिरणारे फ्लास्क.)

प्रथिन जिवाणूंत बनवताना इंडक्शनच्या (प्रथिन बनवणं सुरू करण्याच्या) वेळी 50 ते 100 मायक्रोमोलर झिंक सल्फेट घाला आणि तापमान 18 अंशांवर आणा. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडण्याच्या द्रावणात) सवयीने पडणारं ईडीटीए इथे घात करतं : जस्त ओढून घेतं, घडी मोडते. सिस्टीनं मोकळी ठेवायला घालतात ते डीटीटीही जस्त धरतं, त्याऐवजी टीसीईपी बरं. फॉस्फेट बफरमध्ये जस्ताचा साका बसतो. ट्रिस किंवा हेपेस बफर वापरा.

(दृश्य : जेलवरचे पट्टे.)

सिस्टीनच्या जागी अ‍ॅलानीन घातल्यावर डीएनएचा पट्टा वर सरकला नाही (प्रथिन बांधलेलं डीएनए जेलमध्ये वरच राहतं), तर वाचणारी जागा सापडली म्हणून लगेच हुरळून जाऊ नये. घडी मोडली, एवढंच त्यातून कळतं. वाचणारी जागा शोधायची तर घडी शाबूत ठेवून हेलिक्सवरची ती चार आम्लं एकेक करून बदलावी लागतात, आणि दर वेळी नवा जेल.