शंभर गुणांत एक वर्ष: २०१६चे अल्बम

[दृश्य: काळ्या कव्हरवर काळा तारा. त्याखाली ताऱ्याचेच तुकडे. पार्श्वभूमीला सॅक्सोफोन, हळू.]

८ जानेवारी २०१६, शुक्रवार. नवीन वर्ष सुरू होऊन जेमतेम आठवडा झालाय आणि ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीचा ‘ब्लॅकस्टार’ प्रसिद्ध होतो, त्याच्या ६९व्या वाढदिवशी. सात गाणी, साधारण ४१ मिनिटं. त्यातलं पहिलंच गाणं जवळपास दहा मिनिटांचं. साथीला नेहमीचे रॉक वादक नाहीत. न्यूयॉर्कचा सॅक्सोफोनवादक डॉनी मॅकॅस्लिन आणि त्याचे जॅझमधले सोबती बोवीनं बोलावून घेतलेत. पहिले दोन दिवस हा अल्बम ज्यांनी ऐकला, त्यांनी तो एका धाडसी माणसाचं नवं पाऊल म्हणून ऐकला.

रविवारी, १० जानेवारीला, बोवी गेला. त्याला कर्करोग होता आणि ही गोष्ट अगदी जवळच्या माणसांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. सोमवारी लोकांनी तोच अल्बम पुन्हा लावला. एकही सूर बदललेला नव्हता, तरी प्रत्येक ओळ निरोपाची वाटायला लागली.

वर्षभरातल्या नव्या अल्बमांची क्रमवारी लावायला बसलं की अशा अडचणी पहिल्याच आठवड्यात समोर येतात. गुण द्यायचे ते कानावर पडतं त्याला, की त्याभोवती आपल्याला जे कळलंय त्याला? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाचा गायक निक केव्ह याचा ‘स्केलेटन ट्री’ आला. त्याचा मुलगा २०१५च्या जुलैमध्ये अपघातात गेला होता, त्यामुळे अख्खा अल्बम शोकाचा म्हणूनच ऐकला गेला. पण त्यातला बराचसा भाग त्या दुर्घटनेच्या आधीच लिहून झाला होता. माझ्यापुरतं उत्तर असं आहे: बाहेरून कळलेली गोष्ट ऐकायला मदत करत असेल तर ती घ्यावी, पण गुण तिला देऊ नयेत. बातमी बाजूला ठेवली तरी ‘ब्लॅकस्टार’ उभा राहतो. मार्क जुलियानाचे ड्रम आणि बोवीचा थकलेला, तरीही नेमक्या जागी पडणारा आवाज, या दोघांमध्ये जो ताण आहे त्याला बातमीचा आधार लागत नाही.

[दृश्य: कॅलेंडरची पानं. प्रत्येक शुक्रवारावर खूण.]

नवे अल्बम शुक्रवारीच का येतात? १० जुलै २०१५पर्यंत प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार, जर्मनीत शुक्रवार. एका देशात आलेलं गाणं दुसऱ्या देशात अधिकृतपणे पोहोचायच्या आधीच चोरून पसरायचं. मग ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ४५हून अधिक देशांसाठी एकच वार ठरवला. तेव्हापासून मन लावून ऐकणाऱ्या माणसाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो.

त्यातला एकच शुक्रवार घेऊ, ६ मे २०१६. त्या दिवशी स्केप्टाचा ‘कोन्नीचिवा’ आला. लंडनचं ग्राइम, म्हणजे तिथल्या रॅपचा एक प्रकार, मिनिटाला सुमारे १४० ठोक्यांचा वेग. त्याच दिवशी मॉन्ट्रियलच्या केट्रानाडाचा ‘९९.९%’, ज्यात हाऊस, हिप-हॉप आणि सोल एकमेकांत इतके मिसळलेत की शिवण सापडत नाही. आणि त्याच दिवशी अनोनीचा ‘होपलेसनेस’. ड्रोनचे हल्ले, तापणारी पृथ्वी, सरकारी पाळत, असे विषय आणि खाली नाचायला लावणारं इलेक्ट्रॉनिक संगीत. पुढे स्केप्टानं ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक मिळवलं, तेही ‘ब्लॅकस्टार’ स्पर्धेत असताना. केट्रानाडाला कॅनडाचं पोलारिस पारितोषिक मिळालं. एकाच शुक्रवारचे दोन अल्बम दोन देशांत अव्वल ठरले. आणि त्या आठवड्याचा श्वास घ्यायला उसंत मिळायच्या आतच, रविवारी, रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडनं ‘अ मून शेप्ड पूल’ समोर ठेवला.

हे सगळं एका रांगेत कसं बसवायचं? ‘ग्राइम आणि अनुष्का शंकरची सतार यांची तुलना होऊच शकत नाही,’ असं अनेक जण म्हणतात. मला ते पटत नाही. तुलना होते, पण त्यासाठी आधी कष्ट घ्यावे लागतात. एखाद्या संगीतप्रकारात रोजचं, सर्वसाधारण काय असतं, ते कानात मुरल्याशिवाय त्यातलं असाधारण ऐकूच येत नाही. नवख्या कानाला मेटलचा प्रत्येक अल्बम कर्कश वाटतो आणि कंट्रीचं प्रत्येक गाणं सारखंच. असे कान घेऊन दिलेले गुण त्या अल्बमला मिळत नाहीत, आपल्या सवयीला मिळतात.

[दृश्य: स्टुडिओतला ड्रम संच, दोन बेस ड्रम. कॅमेरा पायांजवळ.]

फ्रान्सच्या गोजिरा या मेटल बँडचं उदाहरण घ्या. जो आणि मारिओ दुप्लांतिए हे दोघे भाऊ या बँडचा कणा. २००५चा त्यांचा ‘फ्रॉम मार्स टू सिरियस’ तासाहून मोठा. मारिओचे दोन्ही पाय बेस ड्रमवर अखंड चालू, त्यावर गिटारच्या जाड रिफ (पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे) आणि जोची घशातून फुटणारी गर्जना. आता २०१६च्या ‘मॅग्मा’चं पहिलं गाणं लावा, ‘द शूटिंग स्टार’. ठेका मध्यम लयीत जड पावलं टाकतो आणि जो गर्जत नाही, गातो. गाणं ऐन कळसाला येईल असं वाटतं, तिथेही तो आवाज फोडत नाही. अख्खा अल्बम ४५ मिनिटांच्या आत संपतो. या कामाच्या काळातच दोघांची आई गेली. पण ते ठाऊक नसलं तरी पूर्वीचे अल्बम ज्यानं ऐकलेत, त्याला इथे काय काय आवरून धरलंय ते स्वच्छ ऐकू येतं. ज्यानं नाही ऐकलेत, त्याला हा एक बरा, सुरेल मेटल अल्बम वाटेल आणि तो पुढे जाईल. माझ्या पहिल्या दहांत ‘मॅग्मा’ आहे तो या आवरून धरण्यासाठी.

अमेरिकी गायक फ्रँक ओशनच्या ‘ब्लॉन्ड’चंही असंच. आर अँड बीमध्ये (रिदम अँड ब्लूज) ठेका म्हणजे जमीन, आणि ओशननं कितीतरी ठिकाणी ती जमीनच काढून घेतली. ‘आयव्ही’मध्ये जवळपास गिटार आणि गळा एवढंच. ‘नाइकीज’मध्ये सुरुवातीची काही मिनिटं त्याचा आवाज यंत्रानं चढवलेला, बालिश वाटावा असा. मग अचानक खरा आवाज येतो आणि आपण दचकतो. ‘नाइट्स’ हे गाणं अल्बमच्या साधारण मधोमध येतं. त्यात गिटार चढत चढत अगदी तुटायच्या बेताला येते, बीट बदलते आणि तिथून पुढचा सगळा अल्बम रात्रीतला वाटायला लागतो. तो वळसा सुट्या गाण्यात अर्धाच कळतो. त्याच्या आधीची गाणी ऐकलेली असली तरच तो पूर्ण लागतो. अल्बम नावाच्या आकाराला आजही अर्थ आहे तो असल्या जागांमुळे. १९४८मध्ये कोलंबियानं लाँग प्ले तबकडी आणली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, मग तबकडी उलटायची. उलटणं कधीच मागे पडलं, पण चांगला अल्बम अजूनही कुठेतरी असा उलटतो.

कंट्रीमध्ये स्टर्जिल सिम्पसनचा ‘अ सेलर्स गाइड टू अर्थ’. नवजात मुलाला बापानं लिहिलेलं पत्र, खलाशाच्या तोंडी घातलेलं. पहिलं गाणं संथ, भरजरी सुरू होतं आणि मध्येच डॅप-किंग्ज या सोल बँडचे ब्रास वादक घुसतात, कंट्रीचं सोल होऊन जातं. गाणी एकमेकांना जोडलेली, मध्ये फट नाही. कंट्री उद्योगाचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत साच्यात हे कुठेच बसत नव्हतं. तरी सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी त्यालाच मिळालं आणि अल्बम ऑफ द इयरच्या शर्यतीतही तो होता.

[दृश्य: दोन पट्ट्या. एक जानेवारी ते डिसेंबर, दुसरी ऑक्टोबर ते सप्टेंबर.]

त्या शर्यतीत बियॉन्सेचा ‘लेमोनेड’ हरला आणि अडेलचा ‘२५’ जिंकला. ‘२५’ आला होता २० नोव्हेंबर २०१५ला. ग्रॅमीचं ते वर्ष १ ऑक्टोबर २०१५ ते ३० सप्टेंबर २०१६ असं होतं. म्हणजे ‘वर्षातला सर्वोत्तम’ म्हणताना वर्ष कुणाचं, हे आधी विचारायला हवं. मासिकांच्या याद्यांचा घोळ उलटा. त्या डिसेंबर सुरू होताच लागतात, मग उशिरा येणाऱ्यांचं काय? बियॉन्सेनं २०१३मध्ये १३ डिसेंबरला कसलीही पूर्वसूचना न देता अल्बम आणला. डी’अँजेलोचा ‘ब्लॅक मसाया’ २०१४च्या १५ डिसेंबरला आला. दोन्ही वेळा अनेकांच्या याद्या छापून मोकळ्या झाल्या होत्या. म्हणून आपली यादी जानेवारीच्या आधी बंद करू नये, हे मी ठामपणे सांगेन.

२०१६नं आणखी एक पेच टाकला. रॅपर कान्ये वेस्टनं ‘द लाइफ ऑफ पाब्लो’ फेब्रुवारीत प्रसिद्ध केला आणि नंतर तो बदलत राहिला. मिक्स बदलले, ओळी बदलल्या, जूनमध्ये आणखी एक गाणं जोडलं गेलं. फेब्रुवारीत ऐकलेला अल्बम आणि जूनमध्ये ऐकलेला अल्बम एक नव्हे. त्याला जागा द्यायची तर कुठल्या रूपाला? मी त्याला यादीबाहेर ठेवलंय. काम संपलं असं करणाराच म्हणत नसेल तर ऐकणाऱ्यानं घाई का करावी?

क्रमवारीच्या पद्धतींमध्ये मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते ती न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या तेव्हाच्या साप्ताहिकाची. रॉबर्ट क्रिस्टगाऊ या समीक्षकानं तिथे १९७०च्या दशकात समीक्षकांचं वार्षिक मतदान रुजवलं. प्रत्येकाला दहा अल्बम आणि शंभर गुण. एकाला तीसपेक्षा जास्त नाहीत, पाचपेक्षा कमी नाहीत. नुसते क्रमांक दिले की पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर आणि नवव्या-दहाव्यातलं अंतर सारखंच दिसतं. गुण वाटायला घेतले की एकाला दिलेलं दुसऱ्याच्या वाट्यातून काढावं लागतं आणि मग मन कुठे किती झुकतंय ते लपत नाही.

[दृश्य: रिकामी पाटी, दहा ओळी. निवेदनाबरोबर गुण उमटत जातात.]

तर माझे शंभर. सर्वाधिक १८ गुण सोलांजच्या ‘अ सीट अ‍ॅट द टेबल’ला. ‘लेमोनेड’ तिच्या थोरल्या बहिणीचा, आवाका कितीतरी मोठा. रॉक, कंट्री, रेगे, सगळीकडे हात टाकणारा. त्याला मी १० देतो. पण सोलांजनं जे केलं ते जास्त अवघड आहे. तिच्या २१ ट्रॅकमध्ये गाण्यांच्या मध्ये बोलण्याचे छोटे तुकडे आहेत. असे तुकडे बहुतेक अल्बममध्ये आपण पुढे ढकलतो. इथे तिचे वडील बोलतात. शाळेतला वर्णभेद मोडताना लहानपणी भोगलेलं सांगतात, आपण कित्येक वर्षं रागात होतो म्हणतात, आणि लगेच ‘मॅड’ सुरू होतं. गाणं रागाबद्दल, पण चाल मऊ, आवाज हलका, बेस संथपणे खाली फिरणारा. पुढे आई कृष्णवर्णीय असण्यातल्या सौंदर्याबद्दल बोलते आणि मागोमाग ‘डोन्ट टच माय हेअर’ येतं. बोलणं काढून टाका, गाणी सुरेल राहतील, पण त्यांच्याखालचा पाया जाईल. संपूर्ण अल्बममध्ये ती एकदाही ओरडत नाही. हिप-हॉपमधला उद्योजक मास्टर पी निवेदकासारखा मध्ये मध्ये येतो आणि सगळं एका घराण्याची गोष्ट म्हणून बांधतो.

‘ब्लॅकस्टार’ला १५. ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या हिप-हॉप गटाच्या शेवटच्या अल्बमला १३. आधीच्या अल्बमनंतर १८ वर्षांनी हे जुने सोबती पुन्हा जमले, काम चालू असतानाच मार्चमध्ये त्यांच्यातला रॅपर फाइफ डॉग गेला, आणि तरी हा अल्बम रडका नाही. एकमेकांच्या तोंडातली ओळ पुढे नेण्याची त्यांची जुनी खोड इथे ताजीतवानी आहे. ‘ब्लॉन्ड’ला १२. ‘मॅग्मा’ला ८. सिम्पसनला ७.

आणखी ७ वडाडा लिओ स्मिथच्या ‘अमेरिकाज नॅशनल पार्क्स’ला. हा ट्रम्पेटवादक तेव्हा सत्तरी ओलांडलेला. दीड तासाहून मोठं काम, सहा भाग. त्यात यलोस्टोन आणि योसेमिटी आहेतच, पण न्यू ऑर्लिन्स शहर, मिसिसिपी नदी आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या आयलीन सदर्न यांनाही तो राष्ट्रीय उद्यानांच्या पंक्तीत बसवतो. ट्रम्पेटचा एक सूर तो इतका लांब धरतो की खालचा चेलो, पियानो आणि ड्रम त्याच्याभोवती हळूहळू जागा करून घेतात. हे कानाआड करण्याजोगं संगीत नव्हे, त्यासाठी वेळ काढूनच बसावं लागतं.

अनुष्का शंकरच्या ‘लँड ऑफ गोल्ड’ला ५. विस्थापितांचा विषय, आणि सतारीच्या शेजारी मानू डेलागोचं हँग हे वाद्य. तारेचा तीक्ष्ण आघात आणि धातूचा गोल, मिटत जाणारा नाद एकमेकांना छेद देत नाहीत, हीच त्यातली खरी कमाई.

उरले पाच, आणि दारात दोघं. रेडिओहेडचा ‘अ मून शेप्ड पूल’ की कॅनडाचा गीतकार-गायक लिओनार्ड कोहेन याचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’? रेडिओहेडची अकरा गाणी चक्क इंग्रजी वर्णक्रमानं लावलेली आहेत आणि तरी शेवटी येतं ते ‘ट्रू लव्ह वेट्स’, १९९५पासून मैफलींत गायलेलं आणि स्टुडिओत इतक्या वर्षांनी रुळलेलं. गिटारच्या जागी विखुरलेला पियानो. ते गाणं एकटं पाच गुणांचं आहे. पण मधली दोन-तीन गाणी माझ्या हातून निसटतात.

कोहेन ८२ वर्षांचा. फिरणं अवघड झालेलं, म्हणून मुलगा अ‍ॅडम यानं घरातच ध्वनिमुद्रण केलं. मॉन्ट्रियलच्या सिनेगॉगमधला (ज्यू प्रार्थनागृहातला) गायकवृंद साथीला. आवाज आता गायचा राहिलेला नाही, जवळजवळ बोलतो, आणि प्रत्येक चाल त्या उरलेल्या आवाजाच्या मापानं बेतलेली आहे. नऊ ट्रॅकमध्ये एकही जागा जास्तीची नाही. पाच गुण कोहेनचे. रेडिओहेड अकरावा.