कणीक तुम्ही मळून आणा

(मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

नमस्कार मंडळी.

मघाशी आपल्या मुलांनी अभंग म्हटला. सूर पक्का, पाठांतर चोख. त्यामागे त्यांची मेहनत आहे, आणि दर शनिवारी थंडीवाऱ्यात त्यांना क्लासला नेणाऱ्या आईबाबांचीही. मला आज बोलायचंय ते या मेहनतीच्या जोडीला जे लागतं त्याबद्दल. सुचणं. तेही आपोआप येत नाही, त्याचीही मशागत करावी लागते.

मी कुडाळकडचा. आमच्याकडची डबलबारी तुमच्यापैकी अनेकांनी रात्र रात्र जागून ऐकली असेल. दोन भजनी बुवा समोरासमोर, एकाची बारी झाली की दुसऱ्याने उत्तर द्यायचं. अभंग, गौळणी ढिगाने पाठ हव्यात. पण उत्तर काय द्यायचं ते समोरच्याची बारी चालू असतानाच सुचावं लागतं.

सोळा वर्षांचा असताना मी पहिल्यांदा अशा बारीला पखवाजावर बसलो. अख्खा पावसाळा एकच रेला, म्हणजे जलद बोलांची रचना, घोटला होता. पावसात कातडं ओल धरतं, सूर उतरतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तो चढवायचा, डाव्या पुडीवर लावलेली कणीक कमीजास्त करायची आणि पुन्हा तोच रेला. बारीच्या रात्री बुवा गजरात रंगले आणि मी तो सोडला. बोल एकही चुकला नाही. बुवांचे शब्द मात्र त्याखाली बुडाले.

नंतर मी कणीक खरवडत होतो, तेव्हा बुवा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "हात तयार झालो रे, पण कान खंय ठेवलंस?" आणि वर, "आठ दीस पखवाजाक हात लावू नको. झांज घे."

मला फार लागलं ते. पण झांजेवर बसल्यावर काही करून दाखवायचं उरलं नाही, आणि मी ऐकायला लागलो. वरच्या सुरावर जाण्याआधी बुवा किंचित थांबतात, पेटीवाला भाता हलका करतो. पखवाजाची खरी जागा तीच. सातव्या दिवशी त्या जागेत बसेल असा चार मात्रांचा तुकडा मांडीवर बोटं आपटता आपटता सुचला. मला तो कोणीच शिकवला नव्हता. हात रिकामे होते म्हणून सुचला, आणि पावसाळाभर घोटलं होतं म्हणून नंतर वाजवता आला.

आमच्याकडच्या दशावतारी नाटकातही असंच. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरतं आणि नट पेटाऱ्यापाशी आरसा धरून रंग लावत बसतो. त्या वेळी त्याच्याशी कोणी फारसं बोलत नाही. लहानपणी वाटायचं, हा नुसता रंगतोय.

गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांनी अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम घेतली. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, जेमतेम साडेतीन मिनिटांची. घरी गेल्यावर मुलांना शेजारी बसवून जरूर ऐका. एवढी विद्या गाठीशी, पण वेळ थोडा म्हणून कुठे घाई नाही. मला तर दर वेळी ती त्या क्षणी सुचल्यासारखी वाटते.

आपल्या मुलांचा आठवडा पाहतो तेव्हा जीव हळहळतो. क्लास, परीक्षा, कार्यक्रमाची तालीम. यात रिकामा कान कुठे आहे? रोजच्या रियाजातली शेवटची दहा मिनिटं त्यांना मोकळी द्या. जे वाटेल ते गाऊ देत, बेसूर झालं तरी टोकू नका. कोणाची मैफल असेल तर वाजवणाऱ्यांच्या मागे बसवा, तिथून हात दिसतात.

आणि कार्यकारिणीला एक विनंती. येत्या गणपतीत कार्यक्रमपत्रिकेतला शेवटचा अर्धा तास कोरा ठेवा. नावं नकोत, गाणी ठरवायला नकोत. ज्याला सुचेल त्याने उठावं. पखवाज मी घेऊन येतो, कणीक तेवढी तुम्ही मळून आणा. जरा घट्टच मळा.