विरळ हवेतली सायकल
(ठाण्यात सायकलस्वारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, येऊरच्या चढावर आणि घोडबंदर रोडवर आपण चालवतो ती सायकल समुद्रसपाटीची असते. टायरमधली हवा, ब्रेकमधलं तेल, गिअरचे दात, साखळीवरचं वंगण, सगळं या खाडीकाठच्या दाट आणि दमट हवेला जुळवलेलं असतं. तीच सायकल हिमाचलमधल्या स्पितीत नेली की रस्ता खराब म्हणून लोक वैतागतात. रस्ता खराब आहेच. पण तिथल्या निम्म्या अडचणी रस्त्याच्या नसून हवेच्या असतात. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, त्याच्या सुमारे ५७ टक्के ४,५०० मीटरवर उरतो. आज बोलायचंय ते या हवेबद्दल.

भाग कुठला, ते आधी सांगतो. पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान १९८७ साली घोषित झालं. गाभ्याचं क्षेत्र ६७५ चौरस किलोमीटर आणि त्याला लागून मोठं बफर क्षेत्र. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमाजवळ अटरगूला पूल लागतो, तिथून पिन नदीच्या कडेने जाणारा रस्ता मुद गावाकडे जातो. काझा हे स्पितीचं मुख्य गाव, त्याच्या वर किब्बर अभयारण्य आहे आणि कुंझुम खिंडीपलीकडे चंद्रताल हे सरोवर. या सगळ्याला जोडणारे रस्ते खडीचे, मातीचे आणि नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे. खडीच्या रस्त्यांसाठी बनवलेल्या ग्रॅव्हल सायकलला याहून चांगली जागा आपल्या देशात शोधावी लागेल.

आता टायर. ठाण्यात ३० अंश तापमानाला तुम्ही ३० पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरली. गेज दाखवतं तो टायरच्या आतला आणि बाहेरचा फरक असतो. बाहेर इथे १४.७ पीएसआय, म्हणजे आत एकूण ४४.७. कुंझुमवर बाहेरचा दाब साधारण ८.४ इतकाच. दुपारी २० अंशाला तेच टायर ३५ च्या आसपास दाखवेल. पहाटे शून्य अंशाला मात्र ३२, कारण थंडीने आतली हवा आकसते. म्हणजे उंची दाब वाढवते आणि थंडी तो कमी करते. म्हणून कुंझुमच्या अलीकडच्या लोसर गावात गारठ्यात सकाळी हाताने दाबून ‘बरोबर आहे’ म्हणालात, तर दुपारी खिंडीजवळ तेच टायर टणक होऊन खडीवर उड्या मारायला लागतं. ४५ मिलिमीटर रुंदीचं ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) टायर आणि सत्तर किलोचा स्वार असेल, तर पुढे २८ आणि मागे ३१ ही सुरुवात ठीक. सामान मागे बांधलं असेल तर मागे दोन-तीन वाढवा. गेज सोबत हवंच. अंगठा तिथे फसवतो.

पंपाचं गणित याहून महत्त्वाचं आहे आणि ते फार कमी लोक करतात. छोट्या हातपंपाचा दांडा दर वेळी दाबला की बाहेरची हवा आत ढकलली जाते. बाहेरची हवाच विरळ, त्यामुळे दर वेळी टायरमध्ये कमी हवा जाते. इथे दांडा दीडशे वेळा दाबून जे टायर भरतं, त्यासाठी तिथे तो दोनशे साठ वेळा दाबावा लागतो. तेही अशा छातीने, जिला आधीच धाप लागलेली आहे. म्हणून जाड नळीचा, जास्त घनफळाचा पंप घ्या आणि निघण्याआधी घरी टायर पूर्ण रिकामं करून एकदा हातपंपाने भरून बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलेंडरवर सगळी भिस्त ठेवू नका. विमानाच्या सामानात त्यांची अडचण होते, आणि त्या थंड वायूने काही सीलंट, म्हणजे छोटी भोकं आपोआप बुजवणारं टायरमधलं द्रव, गोठून गुठळ्या होतात.

सीलंटही ठाण्यातच जुनं होऊन जातं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकून रबराची साल बनतं. निघण्याच्या आठवड्यात व्हॉल्व्हचा गाभा काढून दर टायरमध्ये ७० ते ८० मिलीलिटर नवं भरा. स्पितीत पातळ पापुद्र्यांसारखे धारदार शेल दगड असतात, ते टायरचा माथा सोडून बाजूची भिंत कापतात. ती चीर सीलंटने भरत नाही. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा चौकोनी तुकडा कापून ठेवा. आतून चिरेवर ठेवायचा आणि वरून साधी ट्यूब भरायची. दोन ट्यूब, पॅच, प्लग आणि आपल्याच सायकलला बसणारा डेरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग ज्यावर लटकतो तो धातूचा तुकडा) सोबत घ्या. काझ्यात मोटरसायकलचं पंक्चर निघेल, पण तुमचा हँगर मिळणार नाही, असंच धरून चाला.

त्याच दगडांत लांग्झा गावाभोवती अमोनाइट या प्राचीन शंखधारी समुद्री प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. आपण ज्यांना शाळिग्राम म्हणतो, त्यांचेच भाऊबंद. बघा, हात लावा आणि तिथेच ठेवा. विकत घेणंसुद्धा टाळा.

गिअरबद्दल. स्वार, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो धरा. खडीवर सात टक्के चढ ताशी सहा किलोमीटरने चढायला साधारण १३० वॅट लागतात. येऊरला तासभर दोनशे वॅट देणारा माणूस साडेचार हजार मीटरवर फार तर १४० देतो. म्हणजे तुमची पूर्ण ताकद एका साध्या चढात संपते. या वेगाला पुढे ३४ आणि मागे ३२ दातांच्या गिअरवर पायडल मिनिटाला जेमतेम ४३ वेळा फिरतं. गुडघे भरून येतात आणि प्रत्येक जोरदार धक्क्याला मागचं चाक खडीवर घसरतं. पुढे ३० आणि मागे ३४ केलं तर आकडा ५२ वर जातो, पुढे ४० आणि मागे ५१ असेल तर ५८ वर. एकापेक्षा लहान गुणोत्तर हवं, बाकी ब्रँड कुठलाही चालेल.

पावसाळ्यात आपण लावतो ते जाडसर ओलं वंगण तिथे चालत नाही. हिमनद्यांनी दळलेली धूळ सिमेंटइतकी बारीक असते. ती तेलात मिसळली की साखळीवर घासणारी पेस्ट तयार होते. कोरडं किंवा मेणाचं वंगण लावा आणि रोज संध्याकाळी फडक्याने साखळी पुसा.

ब्रेकच्या बाबतीत आपल्या दमट हवेचा दोष तिथे बाहेर येतो. डिस्क ब्रेकमध्ये दोन प्रकारची तेलं असतात. डॉट प्रकारचं तेल हवेतलं पाणी शोषतं. मिनरल तेल शोषत नाही, पण त्यात चुकून शिरलेलं पाणी जड असल्याने खाली कॅलिपरमध्ये, म्हणजे चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागात, जाऊन बसतं. साडेचार हजार मीटरवर पाणी सुमारे ८५ अंशांनाच उकळतं. कुंझुमवरून बातलकडे उतरताना ब्रेक सतत धरून ठेवला की कॅलिपर तापतो, पाण्याची वाफ होते आणि लिव्हर हँडलच्या दांड्याला टेकतो, ब्रेक लागतच नाही. जाण्याआधी ब्रेक ब्लीड करून घ्या, म्हणजे जुनं तेल काढून नवं भरा. पॅड मेटलचे बसवा, रेझिनचे पॅड तापून चकचकीत होतात आणि पकड सोडतात. उतारावर थोडं जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

माणसाच्या शरीराला मात्र विरळ हवेत घाई चालत नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. मनालीहून कुंझुमकडे जाणारा रस्ता तो मोडायला लावतो. म्हणून शिमला-किन्नौरकडून जावं, असं माझं ठाम मत आहे. कल्पाला दोन रात्री, मग पूह, मग दिवसा नाको ओलांडून चांगोला सुमारे तीन हजारावर मुक्काम. पुढे ताबो, ३,२८० च्या आसपास, जिथला मठ इसवी सन ९९६ चा आहे. मग काझा, आणि तिथे एक दिवस थांबा. त्यानंतर लोसर. भारतीय नागरिकाला या रस्त्यावर परमिट लागत नाही, पण नाक्यांवर दाखवायला ओळखपत्र हवं.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर ते थकव्याचं लक्षण समजू नका. मेंदूला सूज किंवा फुप्फुसात पाणी असू शकतं आणि त्याच क्षणी खाली उतरायचं असतं. स्पितीत खाली म्हणजे कुठे, हे आधी ठरवून ठेवा. काझ्याहून कुंझुमकडे गेलात तर आधी वर चढावं लागतं. उतार ताबोच्या बाजूला आहे. गाडीवाल्याचा क्रमांक सोबत हवा, कारण अशा अवस्थेत कुणी सायकल चालवत उतरत नाही. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. हँडल घट्ट धरल्यानेही येतात. दोन्हीची गल्लत करू नका.

संजय गांधी उद्यानाच्या येऊर बाजूला आपण ठराविक वाटा सोडत नाही. स्पितीत तर कारण अधिक कठोर आहे. उन्हाळा काही आठवड्यांचाच, झाडोरा जमिनीला चिकटलेल्या गादीसारखा आणि वाढ अतिशय संथ. उतारावर एका चाकाने पाडलेली रेघ पुढच्या बर्फवितळीत पाण्याची चर होते. वळणं तोडून सरळ खाली जाणारे शॉर्टकट सोडून द्या. मुदच्या पुढे पायवाटा आहेत, त्या पिन-पार्वती आणि भाबा खिंडींच्या. तिथे वन खात्याची परवानगी न विचारता चाक नेऊ नका. भरल किंवा आयबेक्स या डोंगरी शेळ्या-मेंढ्यांसारख्या प्राण्यांचा कळप दिसला तर उतरून उभे राहा आणि त्यांना चढाच्या बाजूला जाऊ द्या. ते घाबरून कड्यावर पळाले तर पिल्लं मागे राहतात.

शेवटचा विषय नाल्यांचा. बर्फ वितळून येणारे हे ओढे सकाळी घोट्यापर्यंत असतात आणि दुपारनंतर गुडघ्याच्या वर जातात, कारण वर ऊन तापतं. कुंझुमपलीकडचा बातल ते छत्रू पट्टा सकाळी दहाच्या आत संपवायचा हिशोब ठेवा. ओढ्यात सायकल चालवू नका. बूट काढू नका, तळाचे गोटे पाय कापतात. सायकल प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवलीत तर पाणी तिला तुमच्याच अंगावर ढकलतं. ती खालच्या बाजूला धरा, दोन्ही ब्रेक दाबून तिचा आधार घ्या आणि एका वेळी एकच पाऊल टाका. पलीकडे गेल्यावर लगेच उतार असेल तर आधी सायकल ढकलत ब्रेक चार-पाच वेळा दाबून पॅड सुकवा, मगच बसा.