झोप कमी, तरी थकवा नाही? बायपोलरची ही खूण ओळखा

नमस्कार. बडोद्यात नवरात्रात बाराच्या आत कुणी अंथरुणाला पाठ लावत नाही. घरात बायपोलर डिसऑर्डरचं, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल नैराश्यात नेणाऱ्या आजाराचं, कुणी असेल, तर या नऊ रात्री त्यांच्या झोपेकडे लक्ष ठेवा. जागरणाने मॅनिया, म्हणजे त्यातला अति उत्साहाचा झटका, सुरू होऊ शकतो.

गरब्याहून एक वाजता आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पेंगतो, त्यात काळजीचं काही नाही. पण जो तीन तास झोपून पहाटे टवटवीत उठतो, कपाटं उपसतो, भराभर बोलतो, एक विषय संपायच्या आत दुसऱ्यावर जातो आणि दुपारीही आडवा होत नाही, त्याच्याबाबत सावध व्हा. त्याला झोप मिळाली नाही असं नाही, झोपेची गरजच वाटेनाशी झाली आहे. पुढे उधळपट्टी, अचाट बेत, अडवलं की संताप. मॅनियात माणूस आनंदीच असतो असं नाही, कित्येकदा नुसता चिडलेला असतो.

हे आठवडाभर टिकलं तर मॅनिया. सौम्य रूपात किमान चार दिवस टिकलं तर हायपोमॅनिया. नैराश्याला निदान दोन आठवडे धरतात. सकाळी खूश, संध्याकाळी उदास, एवढ्यावरून बायपोलर म्हणू नका.

बहुतेक जण डॉक्टरकडे जातात ते नैराश्यात. तेव्हा पूर्वीचे ते 'जोरातले' दिवस घरच्यांनी आवर्जून सांगा. ते लपले, तर नुसती नैराश्याची गोळी सुरू होते आणि काही जणांत तीच मॅनिया उसळवते.

आता लिथियम हे बायपोलरवरचं औषध घेणाऱ्यांसाठी, आणि हे नीट ऐका. शरीरातलं मीठ-पाणी घटलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. म्हणून निर्जळी उपवास नको, आषाढातलं अलूणा (बिनमिठाचं) व्रतही नको. उपवास करायचाच तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सैंधव बंद करू नका. गरब्यात घाम गाळलात तर पाणी प्या. पाय दुखले म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, त्यांनीही पातळी वाढते. रक्त तपासायचं ते शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्या. पातळी साधारण ०.६ ते १.० हवी. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालयात न्या.

गरबा खेळा, पण घरी लवकर या आणि रात्रीची गोळी ठरल्या वेळी घ्या. "आता बरं वाटतंय" म्हणून ती स्वतःहून बंद करू नका. दोन रात्री झोप नाही आणि थकवाही नाही, असं झालं की तिसऱ्या रात्रीची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. बडोद्यात करेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. मरणाचे विचार बोलून दाखवले तर माणसाला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.